पाकीट पुण्याचं, धान कुठलं?

वीकेण्डला मॉलमधून तांदूळ आणला. चकाचक पाकीट, वर सोनेरी अक्षरांत 'प्रीमियम सुवासिक'. कुकरचं झाकण उघडलं आणि मी चाटच पडले. हा तर मामाच्या स्वयंपाकघरातला वास... चिन्नोर! पाकीट उलटंसुलटं करून पाहिलं. एमआरपी, पुण्यातल्या पॅकरचा पत्ता, कस्टमर केअरचा नंबर. सगळं आहे. धान पिकलं कुठं, त्याबद्दल मात्र एक अक्षर नाही.

मी मूळची गोंदियाची. (हो, ते महाराष्ट्रातच येतं!) बांध्यांमध्ये धान, गावात राईस मिल, असं आमचं जग. लगेच मामाला फोन लावला. चिन्नोर लावता का अजून?

"घरच्यापुरता, बाई. कट्टा मिलवर गेला का तो नुसता 'बारीक' होते. आमचं नाव कोन लिवते त्यावर? पुढच्या साली तेवढाही लावन का नाही, सांगता येत नाही."

मामाचं गणित साधं आहे. चिन्नोर उशिरा निघतो, उतारा कमी, वारा सुटला की आडवा. आणि सरकारी हमीभाव दोनच : साधारण आणि 'अ' दर्जा. २०२५-२६ च्या खरिपासाठी क्विंटलला २,३६९ आणि २,३८९ रुपये. वासाचा वेगळा भाव नाही, बॉस!

आपल्याकडे पाकीटबंद माल परदेशातून आला असेल, तर देशाचं नाव छापावंच लागतं. म्हणून ऑलिव्ह ऑइल स्पेनचं की इटलीचं, ते आपल्याला कळतं. देशी तांदळाला पॅकरचा पत्ता पुरतो.

हा घोळ फक्त आपल्याकडचा नाही. अमेरिकेत बीफवर मूळ देश छापण्याची सक्ती होती. कॅनडा आणि मेक्सिको जागतिक व्यापार संघटनेत जिंकले आणि डिसेंबर २०१५ मध्ये ती सक्ती गेली. मग बाहेरून आलेलं मांस तिथं नुसतं पुन्हा पॅक करून 'प्रॉडक्ट ऑफ यूएसए' म्हणून विकता यायचं. शेवटी २०२४ मध्ये नियम झाला : जनावर जन्मलं, वाढलं, कापलं आणि मांसावर प्रक्रिया झाली, हे सगळं अमेरिकेतच झालं असेल तरच ते लेबल. लागू, १ जानेवारी २०२६ पासून. म्हणजे प्रश्न तोच. पॅकिंगची जागा म्हणजे मूळ गाव का?

मग जीआय टॅग आहे ना? आहे की! बालाघाट चिन्नोरला २०२१ मध्ये मिळाला, भंडारा चिन्नोरला २०२३ मध्ये. एक शेजारी उत्तरेला, दुसरा पश्चिमेला. १ मे १९९९ पर्यंत गोंदिया भंडारा जिल्ह्यातच होतं, पण आज दोन्ही टॅगमध्ये त्याचं नाव नाही. शिवाय टॅग वापरायचा तर शेतकऱ्यानं अधिकृत वापरकर्ता म्हणून वेगळी नोंदणी करायची. मामाला हे कोण सांगणार?

आपण ग्राहक काय करू शकतो? विचारू शकतो. 'बेस्ट बिफोर' वाचतोच, तसं 'पिकलं कुठं?' हेही. दहा जणांनी विचारलं तर कुणीतरी छापेल, आणि नाव छापलं तरच मामाच्या वासाला भाव येईल.

मी सुरुवात केली. कस्टमर केअरला फोन केला.

"मॅडम, आपलं वेअरहाऊस चाकणला आहे."

"आणि शेत?"

पलीकडून गाणं सुरू झालं. मी अजून होल्डवर आहे...