ॲटली गेले, मागे काय उरले?

१/ २५ ऑक्टोबर १९५१. ब्रिटनच्या सार्वत्रिक निवडणुकीत मजूर पक्षाला सुमारे १ कोटी ३९ लाख मते मिळाली. हुजूर पक्ष व त्याच्या मित्रांना सुमारे १ कोटी ३७ लाख. जागा मात्र मजूर पक्षाला २९५ आणि हुजूर पक्षाला ३२१. अधिक मते मिळवूनही क्लेमंट ॲटली पायउतार झाले आणि विन्स्टन चर्चिल परतले.

२/ भारतीय वाचकाला ॲटली ठाऊक असतात ते १९४७ मुळे. मायदेशी त्यांचे कार्य याहून विस्तृत होते. १९४५ ते १९५१ या काळात बँक ऑफ इंग्लंड, कोळसा, रेल्वे, वीज, गॅस आणि शेवटी पोलाद राष्ट्राच्या मालकीचे झाले. ५ जुलै १९४८ रोजी राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली.

३/ मग पराभव का? युद्ध संपून सहा वर्षे लोटली, तरी रेशनिंग संपले नव्हते. युद्धकाळात मुक्त असलेला पावही १९४६ ते १९४८ रेशनवर होता. कोरियन युद्धामुळे शस्त्रखर्च वाढला. १९५१ मध्ये सरकारने कवळ्या व चष्म्यांवर शुल्क लावले आणि आरोग्य सेवेचे शिल्पकार अन्यूरिन बेव्हन यांनी राजीनामा दिला. शिवाय पक्षाची मते औद्योगिक बालेकिल्ल्यांत एकवटलेली होती.

४/ येथून खरी परीक्षा सुरू होते. नेत्याचा वारसा त्याच्या अनुयायांच्या गौरवग्रंथांवरून ठरवू नये. विरोधकाच्या हाती सत्ता गेल्यावर त्याने काय मोडले, काय राखले आणि काय त्याला मोडताच आले नाही, हे पाहावे.

५/ मोडले ते पोलाद. १९५३ च्या कायद्याने पोलाद उद्योग पुन्हा खासगी मालकीकडे वळवला गेला; रस्ते मालवाहतुकीचेही तेच. कोळसा, रेल्वे, वीज, गॅस मात्र सरकारकडेच राहिले.

६/ राखली ती आरोग्य सेवा. १९४६ मध्ये याच विधेयकाविरुद्ध हुजूर पक्षाने मतदान केले होते. १९५२ मध्ये औषधचिठ्ठीवर एक शिलिंग शुल्क लागले; पण सेवा टिकली. १९५३ मध्ये खर्चाच्या चौकशीसाठी गिलबो समिती नेमली गेली. तिच्या १९५६ च्या अहवालात उधळपट्टी आढळली नाही.

७/ याचे सारे श्रेय ॲटलींचे? तसे म्हणणे अन्यायाचे ठरेल. बेव्हरिज अहवाल १९४२ चा, म्हणजे चर्चिल यांच्याच संयुक्त सरकारच्या काळातला. १९४४ चा शिक्षण कायदा हुजूर पक्षाच्या बटलर यांचा. शिवाय १९५१ मध्ये चर्चिल यांचे बहुमत अवघे १७ जागांचे होते. उलथापालथ करण्याइतके बळ त्यांच्यापाशी नव्हते.

८/ हेच बटलर १९५१ मध्ये अर्थमंत्री झाले. त्यांचे धोरण मजूर पक्षाचे माजी अर्थमंत्री गेट्स्केल यांच्याशी इतके जुळले, की १९५४ मध्ये ‘द इकॉनॉमिस्ट’ने दोघांची नावे जोडून ‘बट्स्केल’ हे पात्र रचले. थट्टा होती; निदान मात्र अचूक होते.

९/ मोडता न येण्याजोगे होते भारताचे स्वातंत्र्य. चर्चिल यांनी आयुष्याचा मोठा काळ भारतीय स्वराज्याला विरोध केला. ते परतले तेव्हा भारत प्रजासत्ताक झाला होता.

१०/ पण त्याच निर्णयाची दुसरी बाजूही ॲटलींच्याच खात्यात मांडली पाहिजे. सत्तांतराची मुदत जून १९४८ होती. ती ऑगस्ट १९४७ वर आणली गेली. सीमारेषा जाहीर झाली १७ ऑगस्टला, म्हणजे स्वातंत्र्यानंतर. फाळणीत लाखो माणसे मारली गेली, एक कोटीहून अधिक विस्थापित झाली. माउंटबॅटन यांनी घाई केली असेल. तिला संमती लंडनची होती.

११/ आणखी एक वारसा फारसा आठवला जात नाही. जानेवारी १९४७ मध्ये ॲटली व निवडक मंत्र्यांच्या गुप्त समितीने अणुबॉम्ब बनवण्याचे ठरवले. संपूर्ण मंत्रिमंडळालाही विचारले नाही. पहिला स्फोट ३ ऑक्टोबर १९५२ रोजी ऑस्ट्रेलियाच्या मॉन्टे बेलो बेटांपाशी झाला. तेव्हा पंतप्रधान होते चर्चिल.

१२/ म्हणून या कसोटीची मर्यादाही ध्यानात घ्यावी. विरोधकाने राखले म्हणजे ते रुजले, एवढेच सिद्ध होते. ते योग्य होते हे नाही. आरोग्य सेवा राखली गेली, आणि बॉम्बही.

१३/ रुजलेले कायम टिकते असेही नाही. गॅस १९८६ मध्ये विकला गेला. १९६७ मध्ये पुन्हा राष्ट्रीयीकृत झालेले पोलाद १९८८ मध्ये परत खासगी झाले. पुढे वीज, कोळसा आणि रेल्वेही गेली. आरोग्य सेवेचे खासगीकरण करण्याचे धाडस मात्र थॅचर यांनीही केले नाही. कोळशाचा मालक कोण, याने सामान्य घरातले फारसे बिघडत नव्हते. आजारपणात डॉक्टरचे बिल न येणे प्रत्येक घराला ठाऊक होते.

१४/ एखादे सरकार पडले की दुसऱ्याच दिवशी त्याच्या वारशाचे निकाल लावले जातात. १९५१ च्या त्या रात्री ॲटलींच्या खात्यात केवळ पराभव दिसत होता. त्यांच्या कामाचा न्याय त्यांच्या विरोधकांच्या पुढील तेरा वर्षांच्या कारभारात शोधावा लागतो.