एका इमारतीला दोन छपरे कशासाठी?

ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर सरकारी निधीतून उभी राहिलेली समाजमंदिरे, अंगणवाड्या आणि ग्रामपंचायत कार्यालये पाहिली, तर बहुतेकांचा आराखडा एकच दिसतो: चार सरळ भिंती आणि वर सपाट स्लॅब. काही पावसाळे सरले की पंख्याच्या हुकाजवळ ओल धरते, गिलाव्याचे पोपडे सुटतात, सळईला गंज चढतो. मग नव्या निधीची वाट पाहून त्याच स्लॅबवर लोखंडी खांब रोवले जातात आणि उतरता पत्रा ठोकला जातो. सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेल्या या पट्ट्यात चार महिन्यांत सुमारे अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. इथे छप्पर उतरतेच हवे, हे शेवटी तो पत्रा मान्य करतो. फक्त तोवर गावाने दोन छपरांचे पैसे मोजलेले असतात. सार्वजनिक इमारत इथल्या पावसाला आणि उन्हाला धरून पहिल्यापासूनच बांधणे ही हौस नाही, काटकसर आहे. ती सरकारी अंदाजपत्रकात यायला हवी.

ठाकूर, कातकरी, महादेव कोळी आणि कुणब्यांच्या जुन्या घरांनी हा प्रश्न केव्हाच सोडवला होता. दगडी जोते जमिनीपासून उंच, त्यावर लाकडी मेढी, आणि मेढींच्या मध्ये कारवीच्या काठ्यांचा कूड. त्यावर माती, भुसा आणि शेणाचा लिंपा. असा कूड भिजला तरी लवकर सुकतो. छपराचा भार मेढींवर असल्याने भिंत हलकी राहते, आणि एखादा भाग कुजला तर तेवढाच बदलता येतो. कौलांच्या फटींतून गरम हवा वर निघून जाते. वळचण भिंतीपासून इतकी पुढे काढलेली असते की पागोळ्या कुडाला लागत नाहीत. स्लॅबचे नेमके उलटे होते. एप्रिल-मेचे ऊन तो दिवसभर शोषून घेतो आणि रात्री आत सोडतो. नुसत्या पत्र्याच्या शेडमध्ये तर जोराच्या सरीत समोरच्याचे बोलणे ऐकू येत नाही. तिथे ग्रामसभा भरवायची कशी आणि मुलांना शिकवायचे कसे?

याचा अर्थ जुने घर जसेच्या तसे पुन्हा उभारावे असा नाही. जोते दगडाचे, खिडकीच्या उंबऱ्यापर्यंत विटांचे बांधकाम, त्यावर सिमेंट काँक्रीटचा पट्टा, वर कुडाच्या किंवा बांबूच्या भिंती, बोरॅक्स-बोरिकची प्रक्रिया केलेल्या बांबूच्या किंवा लोखंडी कैच्या, त्यांवर कौले आणि चारही बाजूंनी रुंद पडवी, अशी रचना आज सहज करता येते. लग्नाची पंगत, बचत गटाची बैठक, लसीकरण आणि भर पावसातला मुलांचा खेळ, सगळ्याला पडवी पुरते. शिवाय उतरत्या छपराचे पाणी पन्हाळीने गोळा होते. शंभर चौरस मीटरच्या छपरावर अडीच हजार मिलिमीटर पाऊस म्हणजे अडीच लाख लिटर पाणी; गळती-सांडणी वजा जाता दोन लाख तरी हाती लागते. शंभर माणसांच्या पाड्याला उन्हाळ्याचे शंभर दिवस माणशी रोज पाच लिटर पिण्याचे पाणी द्यायला पन्नास हजार लिटरची टाकी पुरते. मुंबईच्या पाण्याचा मोठा वाटा भातसा आणि तानसा ही शहापूरची धरणे देतात, आणि त्याच तालुक्यातले पाडे उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. तिथे समाजमंदिराच्या छपराने एवढे काम केले, तर त्याहून मोठी लोकसेवा कोणती?

अशा बांधकामावरचा सर्वांत गंभीर आक्षेप प्रतिष्ठेचा आहे. शहरातल्यांनी काँक्रीटमध्ये राहायचे आणि आदिवासींना मातीची महती सांगायची, हा दुटप्पीपणा झाला, असे शिकलेली तरुण पोरे म्हणतात, आणि त्यांचा राग रास्त आहे. म्हणूनच सुरुवात गरिबाच्या घरकुलापासून नव्हे, साहेब बसतात त्या कार्यालयांपासून व्हावी. बुर्किना फासोतल्या गांडो गावी वास्तुविशारद फ्रान्सिस केरे यांनी २००१ मध्ये मातीच्या विटांची शाळा बांधली, तेव्हा गावकऱ्यांचाही मातीवर भरवसा नव्हता. तीच शाळा पुढे गावाचा अभिमान झाली आणि केरे यांना २०२२ मध्ये प्रित्झकर पुरस्कार मिळाला. दुसरा आक्षेप किल्लारीचा. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात मातीच्या घरांनी माणसे गाडली, हे महाराष्ट्र विसरलेला नाही. पण तिथे घात केला तो मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींनी आणि माळवदाच्या अवजड छपरांनी. मेढींवर उभे असलेले, हलक्या कुडाचे घर ही वेगळी जात आहे. तरीही जोडण्या आणि पट्टे अभियंत्याने तपासलेलेच हवेत.

देखभालीचा आक्षेपही खरा आहे. कौले दरवर्षी शाकारावी लागतात, लिंपा पुन्हा द्यावा लागतो. पण ती मजुरी गावातच राहते, आणि गळक्या स्लॅबच्या दुरुस्तीसारखी ठेकेदाराची वाट पाहावी लागत नाही. कारवी सात-आठ वर्षांनी एकदा फुलते आणि मग वाळते. ती कधी, किती आणि कुठून तोडायची हे वनहक्क कायद्याखाली ग्रामसभा आणि वन विभागाने मिळून ठरवले, तर जंगलाला धक्का लागणार नाही. वनक्षेत्राबाहेरच्या बांबूवरचे निर्बंध तर २०१७ मध्येच उठले आहेत. खरी अडचण कागदावर आहे. ज्या कामाचा दर दरसूचीत नाही त्याचे अंदाजपत्रक होत नाही, आणि अंदाजपत्रकाशिवाय मंजुरी नाही. त्यामुळे शाखा अभियंता ठरलेल्या आराखड्यावरच सही करतो.

ही गाठ सुटू शकते. शहापूर तालुका पूर्ण आणि मुरबाडची काही गावे अनुसूचित क्षेत्रात आहेत. तिथल्या ग्रामपंचायतींना पेसा कायद्याखाली आदिवासी उपयोजनेतला पाच टक्के अबंध निधी थेट मिळतो आणि तो कशावर खर्चायचा हे ग्रामसभा ठरवते. जिल्हा परिषदेने कौलारू छप्पर, कूड, प्रक्रिया केलेला बांबू, पडवी आणि पाण्याची टाकी यांचे दर आणि एक नमुना आराखडा मंजूर करावा. दोन्ही तालुक्यांत एकेक इमारत त्याप्रमाणे बांधावी. आणि तिचा पाच वर्षांचा एकूण खर्च शेजारच्या स्लॅबच्या इमारतीशी ताडून जाहीर करावा. समृद्धी महामार्ग सुरू झाला आहे, कल्याण-बदलापूरची वस्ती मुरबाडकडे सरकते आहे. येत्या काही वर्षांत इथे पुष्कळ बांधकाम होणार. त्याचा नमुना आत्ता ठरला नाही, तर पुढची पन्नास वर्षे गळक्या स्लॅबच्या डागडुजीवर जातील. पुढच्या ग्रामसभेत समाजमंदिराचा विषय आला, तर गावकऱ्यांनी रकमेच्या आधी आराखडा मागावा, आणि त्यात उतरते छप्पर, पडवी व टाकी नसेल तर ठराव मंजूर करू नये.