डी ड्राइव्हमध्ये ठेवलंय म्हणजे बॅकअप नाही!

१४ ऑक्टोबर २०२५ या एकाच दिवशी मायक्रोसॉफ्टकडून दोन गोष्टी घडल्या. पहिली सगळ्यांना आधीपासून माहीत होती. २०१५ मध्ये आलेल्या विंडोज १० चा सपोर्ट त्या दिवशी संपला. दुसरी मात्र कुणाच्या ध्यानीमनी नव्हती. त्याच दिवशी विंडोज ११ साठी जे अपडेट आलं, त्याने रिकव्हरी स्क्रीनवर यूएसबीचे माउस आणि कीबोर्ड बंद पाडले. रोजच्या वापरात सगळं ठीक. पण पीसी सुरूच होईना आणि तुम्ही दुरुस्तीच्या स्क्रीनवर पोहोचलात, तर तिथे एकही बटण दाबलं जाणार नाही! सहा दिवसांनी, २० ऑक्टोबरला, कंपनीने तातडीचं अपडेट काढून हे निस्तरलं.

म्हणजे बघा, जुन्या विंडोजवर थांबलेल्यांचं संरक्षण गेलं आणि नव्यावर गेलेल्यांचा दुरुस्तीचा दरवाजाच अडकला. त्या सहा दिवसांत ज्यांच्याकडे रिकव्हरीचा वेगळा पेन ड्राइव्ह तयार होता, त्यांचं काम अडणार नव्हतं. पीसी वाचवायची सोय पीसीच्या बाहेर असायला हवी, हे एवढं स्पष्ट याआधी क्वचितच दिसलं असेल.

नक्की काय संपलं?

घरातला विंडोज १० चा पीसी १५ ऑक्टोबरलाही सुरू झालाच असेल. टॅली चालतंय, प्रिंट निघतेय, मग काय बिघडलं? बिघडलं ते दिसत नाही. नवी पळवाट सापडली की ती बुजवणारं अपडेट आता आपोआप येणार नाही. याचा अर्थ काय होतो, ते मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय'ने दाखवलं होतं. ती पळवाट बुजवणारं अपडेट मार्चमध्येच आलं होतं. ज्यांनी ते टाकलं नव्हतं, त्यांच्या फायली दोन महिन्यांनी कुलूपबंद झाल्या आणि स्क्रीनवर बिटकॉइनमध्ये खंडणीची मागणी आली. दीडशेच्या आसपास देशांना तो फटका बसला.

'मग विंडोज ११ टाका' हे सांगणं सोपं आहे. पण त्यासाठी टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते आणि इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचे बहुतेक प्रोसेसर कंपनीच्या यादीत बसत नाहीत. बाबांनी २०१५-१६ मध्ये घेतलेला डेस्कटॉप उत्तम चालत असला, तरी तो बादच ठरतो.

अशांसाठी मायक्रोसॉफ्टने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत एक वर्षाची मुदतवाढ दिलीये. त्यासाठी तीन पर्याय आहेत: ३० डॉलर किंवा तेवढे रुपये भरा, कंपनीचे १,००० रिवॉर्ड पॉइंट वापरा किंवा पीसीच्या सेटिंग्ज 'विंडोज बॅकअप'मधून वनड्राइव्हला जोडा. तिसरा पर्याय फुकट आहे, पण गोम तिथेच आहे. युरोपात ग्राहक संघटनांनी आक्षेप घेतल्यावर तिथल्या लोकांसाठी ही जोडणीची अट काढण्यात आली. आपल्याला ती सवलत मिळाली नाही.

एक शब्द, तीन अर्थ

त्यातून एक गैरसमज पसरतोय. 'विंडोज बॅकअप' चालू केला म्हणजे आपला पीसी सेफ, असं अनेकांना वाटतं. प्रत्यक्षात तिथे जातात त्या सेटिंग्ज, ॲपची यादी आणि तुम्ही निवडलेल्या फोल्डरमधल्या फायली. फुकटची जागा ५ जीबी, म्हणजे एका लग्नाचे फोटोही मावणार नाहीत. ऑपरेटिंग सिस्टिम तर त्यात नसतेच.

खरं तर आपण 'बॅकअप' म्हणतो तेव्हा तीन वेगळ्या गोष्टी बोलत असतो. एक, फायलींची प्रत: प्रोजेक्ट, फोटो, हिशेब. दोन, सिस्टिम इमेज: विंडोज, सॉफ्टवेअर, ड्रायव्हर यांच्यासकट आख्ख्या सी ड्राइव्हचा जसाच्या तसा साचा. आणि तीन, रिकव्हरी पेन ड्राइव्ह: पीसी आतून सुरू होत नसेल तेव्हा बाहेरून सुरू करणारी किल्ली. पहिली गोष्ट नसेल तर आठवणी आणि काम जातं. दुसरी नसेल तर सगळं पुन्हा बसवण्यात दोन-चार दिवस जातात. तिसरी नसेल तर पहिल्या दोन्ही असूनही तुम्ही काळ्या स्क्रीनकडे बघत बसता.

आपल्याकडचा लाडका उपाय म्हणजे डी ड्राइव्ह. 'सी फॉरमॅट मारला तरी डी राहतो ना!' फॉरमॅटपुरतं हे बरोबर आहे. पण बहुतेक पीसीमध्ये सी आणि डी हे एकाच हार्ड डिस्कचे दोन भाग असतात. डिस्क गेली की दोन्ही जातात. खंडणीवाला व्हायरस शिरला तर तोही सी आणि डी असा भेदभाव करत नाही.

न्हावा शेवा ते घाना

'सिंक' म्हणजे बॅकअप, हाही तसलाच भ्रम. जून २०१७ मध्ये 'नॉटपेट्या' नावाच्या हल्ल्याने मर्स्क ही जगातली बलाढ्य जहाज कंपनी आडवी झाली. आपल्या जेएनपीटीतल्या तिच्या समूहाच्या टर्मिनलचं कामही विस्कळीत झालं. कंपनीच्या सगळ्या कॉम्प्युटरची नोंदवही सुमारे १५० सर्व्हरवर होती. ते एकमेकांशी सतत सिंक होत, त्यामुळे एक गेला तर दुसरा आहेच, असा हिशेब. हल्ल्यात ते एकदमच गेले. वाचला फक्त घानामधला एक, कारण तिथली वीज गेल्यामुळे तो नेटवर्कवर नव्हता! लोडशेडिंगने कंपनी वाचवली, असं म्हणायला हरकत नाही. घरच्या पीसीलाही हाच न्याय लागू होतो. बॅकअपची हार्ड डिस्क कायम लावून ठेवली, तर पीसीवर येणारं संकट तिच्यावरही येतं.

दुसरा धडा १९ जुलै २०२४ चा. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर बंद पाडले. आपल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिसले, ते आठवत असतील. कंपनीने सव्वा तासात अपडेट मागे घेतलं. पण बंद पडलेले असंख्य पीसी एकेक करून, हाताने, सेफ मोडमध्ये नेऊन दुरुस्त करावे लागले. आणि जिथे डिस्कला बिटलॉकरचं कुलूप होतं, तिथे आधी ४८ अंकी रिकव्हरी की शोधावी लागली.

हे फक्त ऑफिसांपुरतं नाहीये. विंडोज ११ च्या नव्या आवृत्तीत मायक्रोसॉफ्ट अकाउंटने नव्याने सेटअप केला, की बहुतेक पीसीवर हे कुलूप आपोआप लागतं. की त्या अकाउंटमध्ये जमा होते. आता सांगा, सेटअप कुणाच्या ईमेलने झालाय? दुकानदाराने स्वतःच्या किंवा भलत्याच ईमेलने करून दिला असेल, तर तुमच्या डिस्कची चावी तुमच्याकडे नाहीच.

एका रविवारचं काम

घरातलं 'आयटी डिपार्टमेंट' बहुतेक वेळा तुम्हीच असता. म्हणून हे तुमच्या खात्यात:

१. रिकव्हरी पेन ड्राइव्ह: १६ जीबीचा पुरतो. विंडोजमध्ये 'रिकव्हरी ड्राइव्ह' शोधलं की तो बनवता येतो. मात्र पेन ड्राइव्हवरचं आधीचं सगळं पुसलं जातं.

२. सिस्टिम इमेज: कंट्रोल पॅनलमधल्या 'बॅकअप अँड रिस्टोर' या जुन्या सोयीतून बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या. मायक्रोसॉफ्ट आता ती सोय सुधारत नाही, पण ती चालते. झालं की डिस्क काढून कपाटात.

३. फायली: तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर. क्लाउड त्या तिसऱ्या जागी चालेल.

४. बिटलॉकरची की: अकाउंटमध्ये बघा, कागदावर उतरवा आणि घरच्या महत्त्वाच्या कागदपत्रांत ठेवा.

५. यूपीएस: अपडेट चालू असताना लाइट जाणं हे डेस्कटॉपच्या दुखण्याचं जुनं कारण आहे. यूपीएसची बॅटरी मेली असेल तर बदला.

आणि क्रॅक विंडोज? त्याचा ॲक्टिव्हेटर चालवताना अँटिव्हायरस बंद करायला सांगतात. चोराला आत घेण्यासाठी वॉचमनला सुट्टी द्यायची, असला तो प्रकार. जुना पीसी जिवंत ठेवायचाच असेल तर लिनक्स मिंट फुकट आहे. त्यात 'टाइमशिफ्ट' हे सिस्टिम मागे नेणारं टूलही मिळतं. फक्त ते मुळात तुमच्या फायलींसाठी नाही, त्यांची प्रत वेगळी घ्यावीच लागते.

हे सगळं ग्राहकाने का करायचं, हा प्रश्न रास्त आहे. चालू स्थितीतला पीसी कालबाह्य ठरवायचा, संरक्षणासाठी अट घालायची आणि चुकीचं अपडेट आलं तर सहा दिवस थांबायला लावायचं, हे कंपनीच्या सोयीचं आहे. युरोपातल्या ग्राहकांनी आवाज उठवला म्हणून त्यांना वेगळी वागणूक मिळाली. आपल्याकडच्या ग्राहक संघटनांनीही हा विषय घ्यायला हवा. मात्र तोवर हार्ड डिस्क थांबणार नाही.

त्यामुळे पेन ड्राइव्ह तयार झाला की तो एकदा लावून पीसी त्यावरून सुरू होतोय का, ते बघा. दुरुस्तीचे पर्याय दिसले आणि कीबोर्ड चालला, की काहीही न निवडता बाहेर पडा. पेन ड्राइव्हवर तारीख लिहा आणि तो कुठे ठेवलाय, ते घरात आणखी एकाला सांगून ठेवा.