इशाऱ्याचा लेखक कोठे आहे?

सर्व्हरचे लॉग आणि त्यांतून निघणारे अलर्ट हा विषय साहित्याच्या विद्यार्थ्याचा नव्हे, असे आपण सगळ्यांनी गृहीत धरलेले आहे. तो अभियंत्यांचा प्रांत. आपण कविता-कादंबऱ्यांचे पाहावे, त्यांनी यंत्रांचे. प्रस्तुत लेखात या वाटणीलाच हरकत घ्यावयाची आहे. अलर्ट हे लेखन आहे. काय घडले हे कोणीतरी कोणालातरी उद्देशून, विशिष्ट शब्दांत, विशिष्ट वेळी कळवतो. त्या मजकुराला लेखक असतो, संहिता असते, वाचक असतो. आज या व्यवहारातला लेखक बेपत्ता आहे आणि त्याच्या गैरहजेरीची शिक्षा वाचक भोगत आहे. हा दोष यंत्राच्या माथी मारून चालणार नाही. लेखनाची जबाबदारी म्हणजे काय, हे न उमगल्याचा तो परिणाम आहे. आणि ती जबाबदारी शिकवणे हा तर आपला व्यवसाय आहे.

प्रथम लॉग आणि अलर्ट यांतील भेद स्पष्ट केला पाहिजे. इव्हेंट लॉग म्हणजे यंत्राची रोजकीर्द. विंडोज प्रणालीत अॅप्लिकेशन, सिक्युरिटी आणि सिस्टीम अशा तिच्या मुख्य वह्या असतात. प्रत्येक नोंदीला वेळ, उगम, दर्जा आणि एक क्रमांक असतो. ४६२५ म्हणजे कोणाचा तरी प्रवेशाचा प्रयत्न फसला. ६००८ म्हणजे मागच्या वेळी यंत्र अनपेक्षितपणे बंद पडले. ११०२ म्हणजे सुरक्षेची वहीच कोणीतरी पुसून टाकली. (वही पुसली गेल्यावर पुसल्याचीच नोंद त्या कोऱ्या वहीत पहिली पडते, ही गोष्ट कथाशास्त्राच्या अभ्यासकाला थांबून विचार करायला लावील.) रोजकीर्द सर्व काही लिहिते, निवड करणे हे तिचे काम नव्हे. अलर्ट मात्र निवडीतून जन्माला येतो. देखरेखीची आज्ञावली चालवणारा प्रशासक एक नियम लिहितो : अमुक क्रमांकाची नोंद पाच मिनिटांत इतक्या वेळा आली, तर अमुक व्यक्तीला, अमुक मार्गाने, अमुक शब्दांत कळवावे. काय सांगायचे, केव्हा सांगायचे, कोणाला आणि कशा शब्दांत, हे चार निर्णय त्या नियमात असतात. दफ्तरातला कारकून वही लिहितो. परंतु मध्यरात्री जासूदाला घोड्यावर कधी बसवायचे आणि त्याच्या हाती कोणती चिठ्ठी द्यायची, हे ठरवणारा माणूस निराळा असतो. चिठ्ठीचा लेखक तो.

प्रत्यक्षात घडते ते असे. देखरेखीच्या आज्ञावलीबरोबर शेकडो तयार नियम येतात. ते जसेच्या तसे चालू केले जातात. प्राप्तकर्ता म्हणून एक सामूहिक पत्ता भरला जातो, म्हणजे चिठ्ठी सगळ्यांची होते आणि कोणाचीच राहत नाही. मजकूर यंत्राने जुळवलेला असतो. त्यात सर्व्हरचे सांकेतिक नाव असते, एक क्रमांक असतो आणि तातडीचा एखादा शब्द असतो. तो शब्द किती पोकळ असू शकतो याचे एकच उदाहरण पुरे. विंडोजच्या सिस्टीम वहीत १००१६ या क्रमांकाची एक नोंद वारंवार पडते. या नोंदीने कामकाजात बाधा येत नाही, तिच्याकडे निःशंकपणे दुर्लक्ष करावे, असे स्वतः मायक्रोसॉफ्टनेच आपल्या मार्गदर्शनात म्हटले आहे. म्हणजे निर्माताच एका हाताने धोक्याची घंटा वाजवतो आणि दुसऱ्या हाताने कानांत बोळे घालण्याचा सल्ला देतो. सिसलॉग या जुन्या आणि सर्वत्र रुळलेल्या पद्धतीत तीव्रतेच्या आठ पायऱ्या आहेत, आणीबाणीपासून ते केवळ तपासणीपुरत्या टिपणांपर्यंत. हे तारतम्य ज्यांनी आखले त्यांना भाषेची जाण होती. परंतु वापरणाऱ्यांनी सगळेच वरच्या पायऱ्यांवर नेऊन बसवले. आपल्याकडच्या प्रस्तावनांत आणि मलपृष्ठांवर प्रत्येक कवितासंग्रह ‘युगप्रवर्तक’ ठरू लागल्यावर त्या विशेषणाचे जे झाले, तेच ‘क्रिटिकल’ या शब्दाचे सर्व्हरच्या खोलीत झाले आहे.

यात बिघडले काय, असे कोणी विचारील. उत्तरासाठी १ ऑगस्ट २०१२ ची सकाळ पाहावी. नाइट कॅपिटल ही अमेरिकेतील शेअर व्यवहार करणारी मोठी कंपनी. तिने आपल्या आठ सर्व्हरांपैकी सातांवर नवी आज्ञावली चढवली. आठवा राहून गेला. त्या आठव्या सर्व्हरवर ‘पॉवर पेग’ नावाचा, २००३ पासून वापरात नसलेला जुना भाग पडून होता आणि बाजार उघडताच तो जागा झाला. सुमारे ४५ मिनिटांत कंपनीच्या नावावर चाळीस लाखांहून अधिक व्यवहार झाले आणि ४६ कोटी डॉलरहून अधिक नुकसान झाले. आता महत्त्वाची गोष्ट. बाजार साडेनऊला उघडला. तत्पूर्वी, आठच्या सुमारापासून, कंपनीच्याच यंत्रणेने कर्मचाऱ्यांच्या एका गटाला ९७ ईमेल पाठवले होते आणि त्यांत ‘पॉवर पेग’ हे नाव स्पष्टपणे लिहिलेले होते. रोगाचे नाव चिठ्ठीत होते. चिठ्ठी वेळेवर पोचली होती. एकदा नव्हे, सत्त्याण्णवदा. आणि ती कोणी वाचली नाही.

येथे पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते : वाचायला हवी होती! हीच प्रतिक्रिया मला घातक वाटते. अमेरिकेच्या रोखे नियामकाने २०१३ मध्ये या प्रकरणी जो आदेश काढला, त्यात एक बारकावा नोंदवलेला आहे : हे ईमेल इशारे म्हणून रचलेलेच नव्हते आणि कर्मचारी ते सहसा पाहत नसत. म्हणजे मजकूर होता, पाठवणी होती, पोच होती. ‘हे तुझ्यासाठी आहे आणि यावर तू काहीतरी करायचे आहेस’ असे म्हणणारा लेखक तेवढा नव्हता. लेखकाविना पोचलेला मजकूर ९७ वेळा आला काय आणि नऊशे वेळा आला काय, तो टपालच राहतो.

चिठ्ठीचा पत्ता चुकला की काय होते, याचा दाखला १४ ऑगस्ट २००३ चा. त्या दिवशी अमेरिकेच्या ईशान्य भागात आणि कॅनडातील ओंटारिओत सुमारे पाच कोटी लोक अंधारात गेले. ओहायोतील फर्स्टएनर्जी या वीजकंपनीच्या नियंत्रणकक्षातील धोक्याचे इशारे देणारी आज्ञावली दुपारी २ वाजून १४ मिनिटांनी गोठली होती. पडद्यावर नवा इशारा येईना. आणि इशारा नाही म्हणजे धोका नाही, असा अर्थ कक्षातील माणसांनी लावला. शेजारच्या कंपनीने फोन करून एका वाहिनीबद्दल विचारले, तरी त्यांचा आपल्या निःशब्द पडद्यावरच अधिक विश्वास होता. पुढे ही आज्ञावली चालवणारा सर्व्हरही बंद पडला, तेव्हा यंत्राने संगणक विभागाला आपोआप संदेश धाडला. त्या विभागाने सर्व्हर पुन्हा चालू केला. परंतु ज्यांचे डोळे त्या पडद्यावर खिळलेले होते, त्यांना ‘तुमचे इशारे बंद आहेत’ हे कोणी सांगितले नाही. यंत्राच्या प्रकृतीची चिठ्ठी यंत्राच्या वैद्याकडे गेली. ज्याचे जग त्या यंत्रावर अवलंबून होते, त्याच्याकडे गेली नाही. नियम लिहिणाऱ्याने ‘याचा वाचक कोण?’ हा प्रश्न विचारला असता, तर पत्त्याच्या जागी आणखी एक नाव आले असते.

शांततेचा असा चुकीचा अर्थ लावला जाणे हा काही एका काळाचा अपवाद नव्हे. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या सेवेच्या मुख्य माहितीसाठ्याचा बराचसा भाग एका कर्मचाऱ्याच्या हातून पुसला गेला. प्रतिसाठा घेणारी व्यवस्था आवृत्त्यांच्या विसंगतीमुळे आधीपासून अपयशी ठरत होती आणि त्या अपयशाचे ईमेलही निघत होते. मात्र त्यांवर आवश्यक ती प्रमाणखूण नसल्याने प्राप्तकर्त्याचा मेलसर्व्हर ते नाकारत होता. घर जळत असल्याचे पत्र तिकीट कमी म्हणून परत गेले. योगायोगाने सहा तासांपूर्वी घेतलेली एक प्रत हाती होती, म्हणून नुकसान तेवढ्यावर निभावले. नॅगिऑस या प्रसिद्ध देखरेखीच्या आज्ञावलीत तपासणीचे चार निकाल असतात : ठीक, सावध, गंभीर आणि चौथा ‘अज्ञात’. या चौथ्या शब्दात मोठा प्रामाणिकपणा आहे. ‘मला ठाऊक नाही’ असे म्हणण्याची सोय यंत्राला ज्याने करून दिली, त्याला शांतता आणि आरोग्य यांतला फरक कळत होता. आणि नेमके हेच ‘अज्ञात’चे इशारे कटकट म्हणून बंद करून ठेवणारे प्रशासकही असतात.

आता या व्यवहाराची किंमत कोण मोजतो ते पाहू. अमेरिकेत दिवस असतो तेव्हा हिंजवडीत आणि ऐरोलीत रात्र असते. तेथील रात्रपाळीत नुकतीच पदवी घेतलेली मुले-मुली परक्या देशातल्या सर्व्हरांचे इशारे पाहत बसलेली असतात. नियम त्यांनी लिहिलेले नसतात, बदलण्याचा अधिकार त्यांना नसतो. शेकडो निरर्थक इशाऱ्यांवर ‘पाहिले’ अशी खूण करणे हे त्यांचे काम असते. आणि एखाद्या पहाटे त्या शेकड्यांतला एक खरा निघाला, की चौकशीत पहिला प्रश्न येतो, ‘तेव्हा पाळीवर कोण होते?’ तो नियम कोणी लिहिला, त्याचे शब्द कोणी ठरवले, तोच इशारा त्याआधी कित्येकदा खोटा ठरूनही कोणी का दुरुस्त केला नाही, हे प्रश्न सहसा अहवालात येत नाहीत. वाचक सापडतो, कारण त्याच्या हजेरीची नोंद असते. लेखक सापडत नाही, कारण त्याने सही केलेली नसते.

रोलां बार्त याने १९६७ मध्ये लेखकाचा मृत्यू घोषित केला, हे आपण पदव्युत्तर वर्गात आवडीने शिकवतो. अर्थाची मक्तेदारी लेखकाकडून काढून घेतली की वाचक मुक्त होतो, हा त्यामागचा विचार, आणि कादंबरीपुरता तो मुक्तिदायी आहेही. परंतु सर्व्हरच्या खोलीत हा मृत्यू कोणत्याही तत्त्वज्ञानाविना घडून आलेला आहे आणि तेथे वाचक मुक्त झालेला नाही. तो आरोपी झाला आहे. ज्या संहितेवर कृती करणे बंधनकारक असते, तिच्या लेखकाला मरण्याची मुभा नसते.

दोन आक्षेपांची दखल घेतली पाहिजे. पहिला : एक खरा इशारा सुटण्यापेक्षा शंभर जादा आलेले बरे. हा युक्तिवाद सावधगिरीचा वाटतो. वस्तुतः तो जबाबदारी ढकलण्याचा आहे. शंभर खोट्या हाकांनंतरची खरी हाक ऐकू येत नाही, हे ‘लांडगा आला रे आला’ ऐकलेल्या कोणत्याही मुलाला ठाऊक असते. जादा इशारे पाठवणारा आपण कळवल्याचा पुरावा तयार करत असतो. कळणे न कळणे त्याच्या हिशेबात नसते. सरकारी पत्राच्या तळाशी ‘प्रत माहितीसाठी’ म्हणून दहा नावे लिहिण्याची वृत्ती ती हीच. आपल्या कायद्याची दृष्टीही सांभाळण्यापुढे फारशी जात नाही. सर्ट-इन या केंद्रीय संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी दिलेल्या निर्देशांनुसार संस्थांनी आपले लॉग १८० दिवस जपून ठेवणे आवश्यक आहे. गुन्हा घडल्यावर पुरावा हाती असावा, म्हणून हे योग्यच. परंतु जपलेली वही आणि वाचलेली वही यांत जे अंतर असते, ते कोणत्याही दिवसगणतीने भरून निघत नाही.

दुसरा आक्षेप आजचा आहे : आता कृत्रिम बुद्धिमत्ता हे इशारे चाळील, गटवार लावील, महत्त्वाचे तेवढे वर काढील, मग ही चर्चा कशाला? यंत्राने चाळण लावावी, त्याला विरोध नाही. मात्र चाळणीची छिद्रे किती मोठी ठेवायची, हा पुन्हा नियमच आणि त्यालाही लेखक हवाच. काय गाळले गेले याचा जाब ज्याला विचारता येत नाही, त्याच्या हाती निवड सोपवणे म्हणजे बेपत्ता लेखकाच्या जागी आणखी एक बेपत्ता लेखक आणून बसवणे.

तेव्हा मागणी साधी आहे. प्रत्येक अलर्टला नाव असलेला एक लेखक असावा. काय बिघडले, कोणाचे अडेल आणि वाचणाऱ्याने पहिली कोणती कृती करावी, हे त्याने वाचणाऱ्याला समजेल अशा पूर्ण वाक्यांत लिहावे. ज्या इशाऱ्यावर कोणी कधीच काही केले नाही, तो त्याने एक तर सुधारावा किंवा रद्द करावा. इशारे बंद पडल्याचा इशारा, तोही वेगळ्या वाटेने आणि योग्य माणसाकडे जाईल, अशी व्यवस्था त्याने करावी आणि ती अधूनमधून मुद्दाम तपासावी. चौकशी बसली, तर पाळीवरच्या मुलीच्या आधी त्याला बोलावले जावे.

यातली एकही गोष्ट यंत्राला विचारून कळणारी नाही. वाचक कोण, त्याला आधीचे काय ठाऊक आहे, कोणता शब्द वापरून झिजला आहे, मौनाचा अर्थ काय, हे सगळे आपल्या वर्गांत रोज फळ्यावर लिहिले जाणारे प्रश्न आहेत. त्यांचा उपयोग केवळ परीक्षेपुरता आहे, असे आपणच मानत असू, तर अभियंत्यांना दोष देण्याचा अधिकार आपल्याला नाही. आपल्या वर्गातून पदवी घेऊन गेलेली मुलगीही उद्या त्या रात्रपाळीत बसलेली असू शकेल. चिठ्ठी कशी वाचावी हे आपण तिला शिकवले. ही चिठ्ठी कोणी लिहिली, असे विचारण्याचा तिचा हक्क आहे, हेही तिला सांगितले पाहिजे.