अक्षराआधी आवाज

अडीच वर्षांच्या मुलाच्या हातात पेन्सिल देऊन ‘ए’ गिरवून घेण्याची घाई आपल्या वस्त्यांत वाढली आहे. पाहुण्यांसमोर मुलाने ‘ए फॉर ॲपल’ म्हटले की अम्मी-अब्बू खूश. पण घरात त्या फळाला सेब म्हणतात, आणि ‘सेब’च्या सुरुवातीला कोणता आवाज येतो हे मुलाला कुणी विचारलेले नसते. वाचनाची सुरुवात खरे तर तिथे होते.

अक्षर ही आवाजाची खूण आहे. आवाज कानाला वेगळा कळला नाही, तर खूण पाठ होते आणि वाचन अडते. हे वेगळे करणे लहान मुले खेळातच शिकतात. टाळ्या वाजवत शब्द तोडायचा: आ-ये-शा, तीन टाळ्या. आलूला दोन, बटाट्याला तीन. रोटी-मोटी-झोटी असे यमक जुळवायचे, अर्थ नसला तरी चालते. मुलांना उलट तेच आवडते. पुढे, चार वर्षांच्या आसपास, ‘म’ने सुरू होणाऱ्या वस्तू घरात शोधायच्या: मटका, मसाला, मामू! स, म, श हे आवाज ओढून म्हणता येतात, ‘स्स्साबण’, म्हणून ते आधी घ्यावेत. क, प क्षणात संपतात. मूल कंटाळले की खेळ बंद.

आपल्या मुलांच्या बाबतीत यात आणखी एक गोष्ट आहे. दखनी बोलणाऱ्या घरात ‘ळ’ नाही. असे मूल पहिलीत ‘केळं’ला ‘केला’ म्हणते, वर्ग हसतो, मूल गप्प होते आणि त्याच्यावर ‘कच्चा’ हा शिक्का बसतो. मूल कच्चे नसते, त्याने तो आवाज पुरेसा ऐकलेला नसतो. बाळ, डोळा, जाळी, फळ हे शब्द तीन वर्षांपासून खेळात आले, तर कान तयार होतो. मराठीचा ‘च’ही फसवा आहे. ‘चहा’तला वेगळा, ‘चाक’मधला वेगळा, लिहिताना मात्र एकच. तो कानानेच शिकावा लागतो.

म्हणून घरची बोली सोडायची का? मुळीच नाही. पानी-पाणी, केला-केळं अशा जोड्या शेजारी ठेवल्या की सुरुवातीचा आवाज तोच आणि बदल कुठे झाला, हे मूल स्वतः पकडते. दोन भाषांच्या घरातच हा खेळ इतका सहज जमतो.

हे अम्मीवरच सोडू नका. चाचू, मामू, फूफी म्हणून तुम्हीही रोज दहा मिनिटे द्या. मोबाइलवरचे गाणे मुलाच्या चुकीच्या उत्तरावर हसत नाही, पुन्हा विचारत नाही.

ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डीत काम सुरू केले, तेव्हा मूल शाळेत येत नसेल तर शाळा त्याच्या अंगणात नेण्याचा मार्ग धरला. १९७५ पासून सरकारी योजनेतून अंगणवाड्या चालतात आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलांचे पूर्वप्राथमिक शिक्षण हे त्यांचे काम आहे. आपण मात्र तिथे खाऊपुरतेच जातो. या आठवड्यात जा, सेविकाताईंशी बोला आणि आपल्या बोलीतले वीस-पंचवीस शब्द त्यांना देवनागरीत लिहून द्या: सेब, आलू, चम्मच, तकिया, बिल्ली...