टँकरवरचा मजकूर कोणासाठी?

धोकादायक वायू वाहून नेणाऱ्या वाहनांवर कोणते फलक असावेत, याचे नियम आपल्याकडे तीन दशकांहून अधिक काळ आहेत. अपघातस्थळी सर्वांत आधी पोहोचणाऱ्या माणसाला ते फलक उमगतात का, हा प्रश्न मात्र धोरणकर्त्यांनी पुरेशा गांभीर्याने घेतलेला नाही.

वाराणसीच्या पश्चिमेस मोहनसराय ते राजातालाब हा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक १९चा टापू जुन्या ग्रँड ट्रंक रस्त्याचाच भाग आहे. जवळच पंचक्रोशी यात्रेतील भीमचंडीचा मुक्काम आहे. पलीकडे सेवापुरी भागातील इसरवार येथे स्वयंपाकाच्या वायूचे सिलिंडर भरण्याच्या प्रकल्पाचे भूमिपूजन मार्च २०२३ मध्ये झाले. उज्ज्वला योजनेचा प्रारंभही पूर्वांचलातच, बलिया येथे १ मे २०१६ रोजी झाला होता. या योजनेतील जोडण्यांची संख्या आज दहा कोटींहून अधिक आहे. चुलीच्या धुरातून स्त्रियांची सुटका करणारा हा वायू घरात पोहोचण्यापूर्वी गर्दीच्या रस्त्यांवरून प्रवास करतो. त्या प्रवासाची जोखीम रस्त्याकाठच्या माणसाला कळवण्याची जबाबदारी टँकरवरील काही चौकोनांवर सोपवलेली आहे.

त्या चौकोनांशी माझी पहिली ओळख फारशी अभिमानास्पद नव्हती. नव्वदच्या दशकाच्या प्रारंभी मी पूर्व उत्तर प्रदेशात उपविभागीय अधिकारी होतो. एका रात्री महामार्गावर वायूचा टँकर कलंडल्याची वर्दी आली. मी पोहोचलो तेव्हा गावकरी कंदील घेऊन जमले होते आणि चालक बेपत्ता होता. टँकरच्या पाठीमागे चिखलाने माखलेला एक फलक होता. त्यावर इंग्रजीत काही शब्द, एक दूरध्वनी क्रमांक आणि ‘१०७५’ हे अंक होते. ते अंक मी वाहनाचा अनुक्रमांक समजून वहीत टिपून घेतले. दूरध्वनी लावण्यासाठी शिपाई ठाण्यावर धाडला. पलीकडे घंटा वाजत राहिली, कोणी उचलले नाही. वारा शेतांच्या दिशेने होता आणि गळती किरकोळ होती, म्हणून अनर्थ टळला. १०७५ ही द्रवरूप पेट्रोलियम वायूची संयुक्त राष्ट्रांनी निश्चित केलेली ओळख आहे, हे मला दुसऱ्या दिवशी एका अग्निशमन अधिकाऱ्याने सांगितले. इतिहासाचा पदव्युत्तर विद्यार्थी असलेल्या मला शिलालेख वाचायला शिकवले होते; हा लेख मात्र वाचता आला नव्हता.

नियमांत उणीव होती, असे मात्र म्हणता येणार नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील १२९ ते १३७ हे नियम धोकादायक मालाच्या वाहतुकीविषयी आहेत. १३४ व्या नियमानुसार वाहनाच्या दोन्ही बाजूंना आणि मागे आपत्कालीन माहितीचा फलक हवा. मालाचे अचूक तांत्रिक नाव किमान ५० मिलिमीटर उंचीच्या अक्षरांत, संयुक्त राष्ट्रांचा क्रमांक किमान १०० मिलिमीटर उंचीच्या अंकांत आणि वर्गचिन्ह किमान २५० मिलिमीटर बाजूच्या चौकोनात असावे, असे त्यात म्हटले आहे. आपत्कालीन सेवेचा आणि तज्ज्ञ सल्ला देऊ शकणाऱ्या व्यक्तीचा दूरध्वनी क्रमांकही आवश्यक आहे. फलक स्वच्छ आणि विनाअडथळा दिसला पाहिजे, हेही स्पष्ट केलेले आहे. चालकासाठी वेगळे प्रशिक्षण सक्तीचे आहे. शिवाय त्याला इंग्रजी आणि राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील एक भाषा लिहिता-वाचता आली पाहिजे.

इथेच नियमातील विसंगती उघड होते. अक्षरांची उंची मिलिमीटरमध्ये सांगणारा १३४ वा नियम त्यांच्या भाषेविषयी काहीही सांगत नाही. चालकाला दोन भाषा येणे आवश्यक मानले आहे. पण अपघातात सर्वप्रथम जायबंदी होतो किंवा पळून जातो तो चालकच. त्यानंतर फलकाचे वाचक उरतात ते ढाबेवाला, शेतकरी, गस्तीवरचा हवालदार आणि मागच्या बसमधील प्रवासी. तपशीलवार सूचना देणारे ‘ट्रेम कार्ड’ नियमानुसार चालकाच्या केबिनमध्ये असते, म्हणजे ज्या जागी जाणे सर्वाधिक धोक्याचे, नेमके तिथेच.

या वायूचा स्वभाव लक्षात घेतला तर पहिल्या काही मिनिटांचे मोल कळते. तो हवेपेक्षा जड असतो. गळती झाल्यावर तो वर विरून जात नाही. जमिनीलगत सरपटत नाल्यांत आणि सखल भागांत साचतो. द्रवरूपातून वायुरूपात येताना त्याचे आकारमान सुमारे अडीचशे पटींनी वाढते. अशा वेळी सुरू केलेले इंजिन किंवा पेटवलेली बिडी पुरेशी ठरते. केरळमध्ये कन्नूरजवळच्या चाला येथे ऑगस्ट २०१२ मध्ये टँकर उलटून लागलेल्या आगीत २० जणांचा बळी गेला. जयपूर-अजमेर महामार्गावर भांकरोटा येथे २० डिसेंबर २०२४ च्या पहाटे वळणाऱ्या टँकरला ट्रकची धडक बसली आणि पसरलेल्या वायूच्या भडक्याने मागच्या वाहनांनाही कवेत घेतले. सुमारे वीस माणसे दगावली. रत्नागिरी जिल्ह्यात सप्टेंबर २०२२ मध्ये अंजणारी पुलावरून वायूचा टँकर काजळी नदीत कोसळला आणि मुंबई-गोवा महामार्ग दीर्घकाळ बंद ठेवावा लागला.

फलक असता तर भांकरोट्याचा भडका टळला असता, असा दावा कोणी करू नये. धडक टाळण्याचे उपाय वेगळे आहेत आणि त्यांत रस्त्याची रचना, वेग व चालकाची विश्रांती हे प्रश्न येतात. फलकाचे काम धडकेनंतर सुरू होते. लंडनच्या अग्निशमन दलात १९७० च्या दशकात ‘हॅझकेम’ संकेत आकाराला आला, तो याच जाणिवेतून. त्यातील पहिला अंक कशाने विझवावे हे सांगतो आणि शेवटी ‘ई’ हे अक्षर असेल तर परिसर रिकामा करण्याचा विचार करावा लागतो. रसायनशास्त्र न शिकलेल्या माणसाला अर्ध्या मिनिटात निर्णय घेता यावा, हा त्यामागील हेतू होता.

आपल्याकडे जबाबदारीचीच फाळणी झालेली आहे. टाकी १८८४ च्या स्फोटक पदार्थ कायद्याखालील २०१६ च्या नियमांत येते आणि तिच्यावर नागपूरला मुख्यालय असलेल्या ‘पेसो’ची, म्हणजे पेट्रोलियम आणि स्फोटक सुरक्षा संघटनेची देखरेख असते. टाकी ज्या चाकांवर बसते, ते वाहन रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या नियमांत आणि राज्याच्या परिवहन खात्याच्या तपासणीत येते. आग लागली की धावते ते स्थानिक अग्निशमन दल. तिन्ही यंत्रणा आपापल्या जागी नियमांनुसार चालतात. पण फलक वाचता येतो की नाही, हे पाहणे कोणा एकीचे काम राहत नाही.

कांडला ते गोरखपूर ही सुमारे २,८०० किलोमीटरची वायूवाहिनी वाराणसीलाही जोडणार असल्याने टँकर कमी होतील, असा युक्तिवाद केला जातो. त्यात तथ्य आहे. परंतु वाहिनी प्रकल्पाच्या दारापर्यंत येते. पुढे भरलेल्या सिलिंडरचे ट्रक आणि मोठ्या ग्राहकांच्या साठवणटाक्यांकडे जाणारे टँकर रस्त्यावरच राहणार. रिकामा म्हणवला जाणारा टँकरही पूर्णपणे वायुमुक्त केल्याशिवाय निर्धोक नसतो.

उपाय खर्चिक नाहीत. फलकावर राज्याच्या भाषेत तीन ठळक वाक्ये सक्तीची करावीत: ज्वालाग्राही वायू, इंजिन आणि आग बंद, वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने दूर जा. सूचनापत्राची दुसरी प्रत केबिनबाहेर, मागील बाजूस बंदिस्त पेटीत असावी. तपासणीच्या वेळी अधिकाऱ्याने फलकावरील क्रमांक स्वतः लावून पाहावा. उत्तर मिळाले नाही तर वाहन पुढे जाऊ नये. आणि ११२ क्रमांकाच्या नियंत्रण कक्षात चार अंक सांगताच पदार्थाची माहिती व पहिली कृती कर्मचाऱ्यासमोर यावी.

त्या रात्री मी वहीत ते अंक अचूक टिपले होते. त्यांचा अर्थ विचारता येईल असा एकही माणूस दूरध्वनीच्या दुसऱ्या टोकाला नव्हता. आज महामार्गाच्या कडेला उभ्या असलेल्या हवालदाराच्या हातात मोबाइल आहे. त्याच्या प्रश्नाला उत्तर मिळेल, याची हमी देणे शासनाच्या हाती आहे.

(लेखक निवृत्त सनदी अधिकारी आहेत. मूळ लेखाचा अनुवाद.)