वावडें म्हणजे दुबळेपणा नव्हे

आमच्या बुलढाणा जिल्ह्यांत एखाद्या मुलास सारख्या शिंका येऊं लागल्या, अंगावर गांधी उठल्या किंवा रात्रीं छाती वाजूं लागली, कीं घरांतील वडील मंडळी एकच निदान करितात : पोराच्या अंगांत शक्ति नाहीं. मग बाजारांतून शक्तिवर्धक चूर्णाचा डबा येतो, आणि शाळेंत सोबती त्यास लेचापेचा म्हणून हिणवितात. हें निदान आम्हांस साफ चुकीचें वाटतें. आणि त्याचा भुर्दंड लहान मुलांस पडत असल्यामुळें त्याविषयीं स्पष्ट लिहिणें आम्ही आपलें कर्तव्य समजतों.

लोणार येथील दैत्यसूदनाचें प्राचीन देवालय आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांनीं पाहिलें असेल. लवणासुर नांवाच्या दैत्याचा विष्णूनें येथें वध केला अशी आख्यायिका आहे. (सरोवराचें विवर उल्कापातानें झालें असें भूशास्त्र सांगतें, तो विषय निराळा.) आपल्या शरीरांतही असा एक दैत्यसूदन अहोरात्र जागा असतो. कातडी ही त्याची तटबंदी. नाकाघशांतील चिकट स्राव हा त्याचा खंदक. आणि रक्तांतील पांढऱ्या पेशी हें त्याचें सैन्य. ह्यांपैकीं कांहीं पेशी रोगजंतूंस गिळून टाकितात. कांहीं पेशी त्या जंतूस नेमकें जुळेल असें प्रथिन घडवून रक्तांत सोडितात. त्यास प्रतिपिंड म्हणतात. आणखी कांहीं पेशी शत्रूची ओळख वर्षानुवर्षें जपून ठेवितात. गोंवर एकदां येऊन गेला कीं बहुधा पुन्हां येत नाहीं, तो ह्या स्मरणामुळेंच. इ.स. १८९७ च्या जानेवारींत वॉल्डेमार हाफकीन यांनीं मुंबईंत प्लेगची लस तयार करून ती प्रथम स्वतःस टोंचून घेतली, ती ह्याच स्मरणाच्या भरंवशावर.

परंतु ह्या द्वारपालाचें खरें कसब मारण्यांत नाहीं, ओळखण्यांत आहे. भाकरीचा घास परकाच, फुलाचा पराग परकाच, वाऱ्यानें आलेला धुळीचा कणही परकाच. तथापि त्यांपासून अपाय नसल्यामुळें शहाणा द्वारपाल त्यांस मुकाट्यानें जाऊं देतो. कांहीं शरीरांत मात्र तो निरुपद्रवी पाहुण्यासच लवणासुर समजतो. पहिल्या भेटींत बाहेर कांहींच दिसत नाहीं. आंत मात्र एका विशिष्ट जातीचीं प्रतिपिंडें तयार होतात, आणि नाक, श्वासनलिका व कातडी येथील ठराविक पेशींवर जाऊन बसतात. तोच पाहुणा पुन्हां आला कीं त्या पेशी भरलेल्या बंदुकीप्रमाणें सुटतात. त्यांतून हिस्टामीन नांवाचें द्रव्य बाहेर पडतें, आणि सूज, खाज, शिंका, डोळ्यांस पाणी हा सारा परिवार त्यामागून येतो. ह्यालाच वावडें किंवा अॅलर्जी म्हणतात. म्हणजे शिंकणाऱ्या मुलाच्या अंगांत शक्ति नाहीं असें नव्हे. ती अस्थानीं खर्च होत आहे. चोर नसतांना सारा गांव उठविणाऱ्या जागल्यास कोणी दुबळा म्हणत नाहीं.

ह्या घोटाळ्याचें फार बोधप्रद उदाहरण सर्पदंशाच्या औषधांत सांपडतें, आणि शेतांत वावरणाऱ्या प्रत्येकानें तें जाणून घ्यावें. नाग, मण्यार, घोणस व फुरसें ह्या चार सापांचें विष थोड्या थोड्या मात्रेनें घोड्यास टोंचतात. घोड्याचें शरीर त्यावर प्रतिपिंडें तयार करितें. तीं त्याच्या रक्तांतून काढून, शुद्ध करून, रोग्यास देतात. हाफकीन यांच्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या मुंबईच्या संस्थेचा ह्या कामाशीं दीर्घकाळ संबंध आहे. घोड्यानें जिंकलेली लढाई अशी माणसाच्या उपयोगीं पडते! परंतु घोड्याचें प्रथिन मनुष्यशरीरास परकेंच. म्हणून हें औषध देतांना डॉक्टर अॅड्रेनॅलिनची सुई हाताशीं ठेवितात, कारण कांहीं रोग्यांचें शरीर ह्या प्राणदात्यावरच तुटून पडतें. 'अॅलर्जी' हा शब्दही घोड्याच्या रक्तरसापायींच जन्मास आला. तो रक्तरस औषध म्हणून टोंचलेल्या कांहीं मुलांस कांहीं दिवसांनीं ताप व गांधी येतात, आणि दुसऱ्यांदा टोंचल्यास त्याहून लवकर येतात, हें व्हिएन्ना येथील बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनीं बारकाईनें पाहिलें. रक्षण करणारी व छळणारी शक्ति मुळांत एकच, असें जाणून त्यांनीं इ.स. १९०६ मध्यें हा शब्द बनविला. अर्थात् ह्या भीतीनें सर्पदंशाच्या वेळीं इस्पितळ टाळून मांत्रिकाचें दार ठोठावणें हा शुद्ध आत्मघात होय.

आतां गाजरगवताविषयीं. हें अमेरिका खंडांतील गवत. परदेशी गव्हाबरोबर आलें असें सांगतात. इ.स. १९५६ मध्यें पुण्याहून त्याची नोंद प्रसिद्ध झाली, आणि १९७० च्या सुमारास त्यापासून होणाऱ्या त्वचारोगाचीं वर्णनेंही तेथूनच येऊं लागलीं. आज विदर्भांत तें नाहीं असा रस्ता दाखवावा! स्वच्छतेच्या दिवशीं शाळाशाळांतून मुलांस हें गवत उपटावयास लावितात, आणि तेंही उघड्या हातांनीं. आम्हांस हें मुळींच मान्य नाहीं. येथें द्वारपालाची तऱ्हा निराळी असते. पराग नाकांत गेला कीं कांहीं मिनिटांत शिंक येते. गाजरगवताच्या वावड्यांत ज्या पेशी काम करितात त्या सावकाश जमतात, आणि पुरळ एकदोन दिवसांनीं उठतें. शनिवारीं गवत उपटलें, सोमवारीं मान व पापण्या खाजूं लागल्या, आणि आईस आठवतें तें रविवारचें वांग्याचें भरीत. बिचारें वांगें घरांतून हद्दपार होतें, आणि पुढच्या शनिवारीं मुलगा पुन्हां तेंच गवत उपटावयास जातो. हें काम करावयाचेंच तर फुलें येण्यापूर्वीं, जमीन ओली असतांना, हातमोजे व पूर्ण बाह्यांचे कपडे घालून करावें. आणि ज्यास एकदां पुरळ उठलें त्यास त्यांतून कायमची मोकळीक द्यावी. लोणारच्या विवरांत माजलेल्या विलायती बाभळीचे परागही असेच कित्येकांस बाधतात. ती तेथून काढण्याचे प्रयत्न झाले ते मूळच्या झाडांसाठीं व सरोवरासाठीं. नाकाचाही त्यांत फायदाच आहे.

शक्तिवर्धक चूर्णांविषयीं आमचें मत थोडक्यांत सांगतों : जागल्या आधींच ओरडत असतां त्याच्या हातीं ढोल देण्यांत अर्थ नाहीं. त्याहून अधिक दुःख आम्हांस दम्याच्या पंपाविषयींच्या समजुतींचें होतें. पंपाची संवय लागते म्हणून तो पालक बंद करवितात. मुलगी असल्यास लग्न जुळणार नाहीं म्हणून लपवितात. वस्तुतः पंपांतील औषध थेट श्वासनलिकेंत पोंचतें, त्यामुळें थोड्या मात्रेंत काम भागतें. आणि दम्याच्या झटक्यानें माणूस दगावतो, हें विसरतां कामा नये. दमा शेजारीं बसल्यानें लागतही नाहीं; अशा मुलास वर्गांत निराळ्या बाकावर बसविणें हा निव्वळ निर्दयपणा आहे.

राहतां राहिली सुगी. दसऱ्याच्या सुमारास लोणारकडे सोयाबीनची सोंगणी होते, सुड्या लागतात, आणि मळणीयंत्रांतून कुटाराचा धुरळा उडूं लागतो. शाळेस सुटी, म्हणून मुलेंही तेथेंच. स्पेन देशांतील बार्सिलोना शहरीं इ.स. १९८१ ते १९८७ ह्या काळांत दम्याच्या २६ सांथी एकाएकीं उद्भवल्या. शोध घेतां असें आढळलें कीं ते दिवस व बंदरांत सोयाबीन उतरविण्याचे दिवस जुळतात, आणि तेथील एका कोठारास धूळ अडविणारी गाळणीच नाहीं. गाळणी बसविली, सांथी थांबल्या. शहरांतील कोणाची शक्ति वाढवावी लागली नाहीं; धूळ अडविली. आमच्या खळ्यावर तशी गाळणी बसणार नाहीं हें खरें. परंतु ज्या पोराची छाती वाजते त्यास यंत्राच्या तोंडाशीं कुटार ओढावयास उभें करूं नये, वारा जिकडून येतो त्या अंगास दूर बसवावें, नाकातोंडास ओला रुमाल बांधावा, आणि त्याचा पंप घरीं कपाटांत न ठेवितां त्याच्या खिशांत असूं द्यावा.